हात लावण्याआधी

आज १२ मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, म्हणून जागतिक परिचारिका दिन. राज्यातल्या बहुतेक रुग्णालयांत आज तसबिरीला हार पडेल, समई पेटेल, शपथ होईल आणि प्रत्येक सिस्टरच्या हाती एकेक गुलाबाचे फूल येईल. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात ‘त्याग’, ‘ममता’, ‘सेवाभाव’ हे शब्द येतील. ‘देवदूत’ तर येतोच. भाषण लांबले की मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हळूच उठून वॉर्डात परततील, कारण तिथे बाराची इंजेक्शने खोळंबलेली असतील.

यानंतर सहाच दिवसांनी १८ मे येतो. त्या दिवसाचा फलक कुठे लागत नाही. २०१५ साली त्या तारखेला परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग गेल्या. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरहून मुंबईत आलेली ही तरुण परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली. तिथे एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि ती इजा कधी भरून आली नाही. खटला चालला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात नव्हताच. सात वर्षांची शिक्षा भोगून तो माणूस बाहेर आला. अरुणाताई मात्र जवळपास साडेएकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होत्या आणि त्यांना सांभाळले ते तिथल्या परिचारिकांनी. शेवटी शेवटी त्यांची कूस बदलणाऱ्या मुलींचा त्या हल्ल्याच्या वेळी जन्मही झालेला नव्हता.

अरुणाताईंसाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल गाजला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनीही तो वाचावा, पण वेगळ्या कारणासाठी. इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकही बेडसोअर झाला नाही, ही गोष्ट त्यात नोंदलेली आहे आणि ती सर्वांना माहीत आहे. त्याहून लहानशी एक नोंद आहे: खोलीत माणसे जास्त झाली की त्या अस्वस्थ होत, माणसे कमी असली की शांत असत. मासे आवडत, आवडीचे खाणे आले की चेहरा उजळे, असेही त्यात आहे. हे अरुणाताईंनी कुणाला सांगितले नव्हते. सांगण्याची शक्ती राहिली नव्हती. ते बघून बघून कळले होते, आणि एका पाळीने दुसऱ्या पाळीला, एका बॅचने पुढच्या बॅचला सांगितल्यामुळे टिकले होते.

याला ममता म्हणून आपण मोकळे होतो. पण ममतेने बेडसोअर टळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, माकडहाड, टाचा, खांदे तपासावे लागतात, चादरीची सुरकुतीसुद्धा काढावी लागते. एकदा भयंकर दुखावलेल्या शरीराला कोणता स्पर्श सोसतो आणि कोणता सोसत नाही, किती गर्दी चालते, कोणत्या बाजूने जवळ गेलेले चालते, हे ओळखणे हेही तितकेच शिकण्याचे, शिकवण्याचे काम आहे. जगभरच्या नर्सिंगमध्ये आता त्याला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात. हा ट्रॉमा महामार्गावरच्या ट्रॉमा केअर सेंटरमधला नव्हे. हाड जुळते, टाके निघतात, तरीही आत जे राहते, त्याची जाण ठेवून केलेली ही शुश्रूषा. अमेरिकेत गेल्या पंचवीसेक वर्षांत हा विचार आकाराला आला. आपल्याकडे तो अजून कार्यशाळांच्या फाइलींतच जास्त आहे.

जनरल वॉर्डातली पहाटेची वेळ घ्या. नाईटची सिस्टर हँडओव्हरच्या आधी सगळ्यांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी उरकते आहे. दिवा लागतो, पांघरूण बाजूला होते, दंडाला पट्टा आवळला जातो. तेरा नंबरच्या खाटेवरची बाई दचकून उठते, हात झटकते, किंचाळते. शेजारच्या खाटा जाग्या होतात. सिस्टर चिडते, आणि केसपेपरवर नोंद होते: पेशंट सहकार्य करीत नाही. ही नोंद मग त्या बाईच्या मागे लागते. दुपारच्या पाळीला ती ‘त्रास देणारी तेरा नंबर’ असते. ड्रेसिंग करताना तिचे हात दोघी धरून ठेवतात, आणि हात धरून ठेवणे हेच बहुधा तिच्यावर कधीतरी झालेले असते.

आता तीच पहाट दुसऱ्या तऱ्हेने. सिस्टर पायथ्याशी, तिला दिसेल अशी उभी राहते. आधी नाव घेते. ‘ताई, मी सिस्टर आहे. बीपी बघायचाय. पट्टा जरा घट्ट होईल, मग सुटेल. हात लावू का?’ आणि उत्तराची वाट बघते. याला फार तर अर्धे मिनिट जास्त लागते, आणि पुढची झटापट वाचते. ज्या माणसाच्या शरीरावर त्याच्या मर्जीविरुद्ध काहीतरी घडले आहे, त्याला शरीराचा ताबा थोडा थोडा परत देणे, एवढीच या सगळ्यामागची कल्पना आहे. कुठल्या हाताला सुई लावू, पडदा ओढू का, थांबायचे असेल तर हात वर करा, अशा लहान लहान गोष्टींतून तो ताबा परत मिळतो.

मग प्रश्न येतोच: कुणावर काय गुजरले आहे हे सिस्टरला कसे कळावे? कळण्याची गरज नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन घटवण्याचे केंद्र चालवत असत. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की, ज्यांचे वजन चांगले उतरते आहे तेच लोक मध्येच उपचार सोडून जातात. चौकशी केली तेव्हा त्यातल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे निघाले. वजन हा आपल्या दृष्टीने त्यांचा रोग होता. त्यांना मात्र त्याच्या आडोशाला सुरक्षित वाटत होते. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी १७ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास केला. तो १९९८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. बहुतेक लोक विमाधारक, बऱ्या स्थितीतले. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांनी लहानपणीचा मारहाण, अत्याचार, दुर्लक्ष, घरातली हिंसा यांसारखा निदान एक तरी अनुभव सांगितला. म्हणजे कोणत्याही वॉर्डात, कोणत्याही खाटेवर असा माणूस असू शकतो. ग्लोव्हज आपण एचआयव्हीचा रिपोर्ट बघून घालत नाही, सगळ्यांसाठीच घालतो. विचारून हात लावणे हेही तसेच. प्रत्येकाची कहाणी उकरून काढायची नाही, आणि हौसेने विचारत तर मुळीच बसायचे नाही.

नाइटिंगेलबाईंना हे शब्द माहीत नव्हते, पण शुश्रूषेवरच्या १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आवाजावर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. आजाऱ्याला एकाएकी जागे करू नये, पाठीमागून किंवा दारातून बोलू नये, खोलीबाहेर त्याच्याविषयी कुजबुजू नये, असे त्या बजावतात. तसबिरीला हार घालणाऱ्यांनी ते प्रकरण एकदा वाचावे आणि मग राउंडच्या वेळी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून पेशंटविषयी पेशंटसमोरच, पण पेशंटशी न बोलता, जे चालते ते आठवून पाहावे.

आपल्याकडे या गोष्टीची खरी कसोटी कॅज्युअल्टीत लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात जा. फवारणीचे औषध प्यायलेला शेतकरी आणला जातो. नळी घालून पोट धुतले जाते, ॲट्रोपिन सुरू होते. जीव वाचवण्याच्या या घाईत कुणीतरी बोलून जाते, ‘मरायचंच होतं तर इथं कशाला आणलं?’ किंवा, ‘पोराबाळांचा तरी विचार करायचा!’ बोलणारा माणूस वाईट असतो असे नाही. सकाळपासूनची ती तिसरी केस असते आणि खाटा संपलेल्या असतात. पण नाकातून नळी जात असताना ऐकलेले वाक्य तो माणूस विसरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे ११५ वे कलम सांगते की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरून चालावे आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य समजावे. कायदा कॅज्युअल्टीच्या भिंतीपर्यंत पोचला आहे, जिभेपर्यंत पोचायचा आहे. पोट धुऊन झाल्यावर त्या माणसाचे तोंड पुसून ‘आता तुम्ही सुखरूप आहात, मी इथंच आहे’ एवढे म्हणायला कुठली पदवी लागत नाही, पण ते म्हणायचे असते हे कुणीतरी शिकवावे लागते.

आणि बायकांच्या वॉर्डातले केसपेपर वाचा. ‘स्टोव्ह भडकला.’ ‘बाथरूममध्ये घसरून पडली.’ ‘जिन्यावरून पाय घसरला.’ ‘चुकून औषध पोटात गेले.’ घसरून पडलेल्या बाईच्या दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ कसे, हे डॉक्टरच्या आधी सिस्टरच्या नजरेला येते, कारण कपडे बदलताना, बेडपॅन देताना तीच जवळ असते. नवरा खाटेला चिकटून उभा. प्रश्न बाईला, उत्तर त्याचे. अशा वेळी मुरलेली सिस्टर काय करते? त्याला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवते, नाहीतर बाहेरच्या मेडिकलमधून काहीतरी आणायला सांगते. तो वळला की पडदा ओढते आणि हलक्या आवाजात विचारते, ‘घरी सगळं ठीक आहे ना? कुणी मारलं का?’ बाई नाही म्हणाली तरी सिस्टर जोर करत नाही. ‘कधी वाटलं तर आमच्याकडे या’ म्हणते. ती दार उघडे ठेवते, आणि बाई कधी कधी तिसऱ्या खेपेला बोलते.

हे मुंबईत नुसते एकेकीच्या हुशारीवर सोडलेले नाही, हे नोंदवले पाहिजे. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संशोधन संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. घरच्या हिंसेने दुखावलेल्या बाईला पोलीस ठाण्याची पायरी चढवत नाही, पण दवाखान्यात ती येतेच. मग मदतही तिथेच का नसावी, असा साधा हिशेब त्यामागे होता. रुग्णालयातल्याच परिचारिका आणि डॉक्टर शिकले आणि त्यांनीच पुढे आपल्या सहकाऱ्यांना शिकवले. ओपीडीच्या रांगेतून बाई तिथे जाऊ शकते, आणि नवऱ्याला सांगायला हातात केसपेपर असतो. घरी जाणे धोक्याचे असेल तर निरीक्षणासाठी म्हणून तिला रुग्णालयातच ठेवून घेण्याची वाटही त्यात आहे. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि नंतर पालिकेच्या आणखी रुग्णालयांत ही केंद्रे गेली. केरळने ‘भूमिका’ या नावाने अशीच केंद्रे रुग्णालयांत काढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतला सूर (ऐकून घ्या, विश्वास ठेवा, निवाडा करू नका, सुरक्षिततेचा विचार करा, पुढच्या मदतीशी जोडून द्या) वांद्र्यात आधीपासूनच ओळखीचा होता. आपल्याच घरातल्या या गोष्टीचा आपल्याला फारसा अभिमान नाही, हे आपले नेहमीचेच.

लैंगिक अत्याचारानंतर रुग्णालयात येणाऱ्या मुलीची तपासणी हा याहून अवघड भाग. ‘टू-फिंगर टेस्ट’ नावाचा अवैज्ञानिक आणि अपमानास्पद प्रकार आपल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालला. सेवाग्रामचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या अभ्यासावरून हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या चाचणीला चुकीचे ठरवले, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये तपासणीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. दोनदोनदा सांगावे लागते, यातच काय ते आले. त्या मार्गदर्शक तत्त्वांत तपासणीच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी संमती घ्या असे म्हटले आहे. मुलगी मध्येच थांबा म्हणू शकते. सज्ञान बाईने पोलिसांत जायचे नाही म्हटले तरी तिचे उपचार अडवता येत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७ व्या कलमाने सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तत्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. हे सगळे वाचायला छान आहे. प्रत्यक्षात रात्री अडीच वाजता त्या मुलीबरोबर खोलीत शेवटपर्यंत थांबते ती सिस्टरच. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून काढून घेतल्यावर तिला घालायला काय द्यायचे, हा प्रश्नही तिच्याच पुढ्यात पडतो. पुष्कळ ठिकाणी त्याचे उत्तर सिस्टरच्या लॉकरमधल्या स्वतःच्या गाऊनमध्ये असते. यासाठी रुग्णालयाच्या खर्चात एक ओळ असू नये?

लेबर रूमविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ज्या बायका तिथून गेल्या आहेत त्यांना सांगायला नको. मांडीवर बसलेली चापट, ‘ओरडू नकोस’ आणि त्यापुढचा तो ठरावीक टोमणा, ‘तेव्हा बरं वाटलं होतं ना?’ केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने २०१७ च्या अखेरीस सन्मानाने बाळंतपण हा निकष घातला. कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीची एक बाई असू द्यावी, असेही सांगितले. जिथे हे खरोखर झाले तिथे ओरडाआरडा कमी झाला, असे सिस्टरच सांगतात, आणि त्यांचे कामही हलके झाले. मनोरुग्णालयांत रुग्णाला बांधून ठेवण्यावर कायद्याने बंधने आली, तीही याच विचाराने.

इथवर वाचून कुणी म्हणेल, सगळा बोजा पुन्हा सिस्टरच्याच डोक्यावर! खरे आहे, आणि म्हणूनच पुढचा भाग लिहायला हवा.

अरुणाताई तळघरात का गेल्या होत्या? कपडे बदलायला. कारण परिचारिकांना कपडे बदलायला धड खोली नव्हती. त्यानंतर केईएमच्या परिचारिकांनी संप केला, आपल्या सुरक्षिततेची मागणी केली. पन्नास वर्षांनी, ९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एक शिकाऊ डॉक्टर छत्तीस तासांच्या पाळीत थोडी पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली आणि जिवानिशी गेली. पाठ टेकायला तिलाही धड खोली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. महाराष्ट्रात तर वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरील हिंसा रोखणारा कायदा २०१० पासून आहे. कायद्याचा फलक कॅज्युअल्टीच्या दारावर लावलेला असतो आणि त्याच दारातून वीसजणांचा घोळका आत शिरतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा गरोदर स्त्रियांच्या वॉर्डात अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. वीस गरोदर बायकांना त्यांनी पँट्रीत नेऊन लपवले, दारे लावली, आणि त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा गोळीबार चालू असतानाच भिंतीच्या आधाराने तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले, न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. त्यांच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच. पण अशा रात्रीनंतर परिचारिका पुढच्या पाळीला कशा उभ्या राहतात, हा प्रश्न आपल्या सत्कारांत कुठे बसत नाही.

आणि दहशतवादी यायलाच हवा असे नाही. बालविभागातले एक मूल जाते. सिस्टर सलाईन काढते, चिकटपट्ट्या काढते, चेहरा पुसते, पांढऱ्या कपड्यात गुंडाळते, आईच्या हाती देते, कागद पुरे करते. त्यानंतर खाट पुसून घेते, कारण खाली ॲडमिशन थांबलेले असते. मग शेजारच्या खाटेवरच्या बाळाला दूध पाजायची वेळ झालेली असते. तिला कुणी विचारत नाही, ती कुणाला सांगत नाही. उपचारात झालेल्या चुकीच्या आघाताने मोडणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना २००० साली अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरने ‘दुसरा बळी’ म्हटले होते. आपल्याकडे ही दुसरी माणसे रजिस्टरमध्ये ‘हजर’ म्हणून लागलेली असतात. वर्षानुवर्षे असेच गेले की बाई निबर होते. लेबर रूममधली ती चापट पुष्कळदा अशा निबर हाताची असते. हे त्या चापटीचे समर्थन नव्हे. ज्या बाईला ती बसली तिचा यात काही दोष नव्हता. पण चापट मारणारीला मेमो देऊन प्रश्न मिटत नाही, हेही खरे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक. आपल्यापैकी कुणीही सरकारी रुग्णालयात रात्री फेरी मारून खाटा मोजाव्यात आणि टेबलाशी बसलेल्या सिस्टर मोजाव्यात. तीस-चाळीस खाटांमागे एक, आणि जमिनीवर गाद्या घातलेले पेशंट वेगळे. अशा ठिकाणी ‘हात लावू का’ विचारून उत्तराची वाट बघा म्हणणे ही थट्टा वाटेल. ती थट्टा आहे, असे वॉर्डातल्या बायका तोंडावर सांगतातही. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. माणसे नसतील तर वेळ नाही, आणि वेळ नसेल तर कुठलीच शुश्रूषा धड होत नाही. रिक्त पदे वर्षानुवर्षे तशीच ठेवायची, कंत्राटावर मुली घ्यायच्या, त्यांचा पगार अडकवायचा आणि १२ मेला त्यांना देवदूत म्हणायचे, हा दांभिकपणा थांबला पाहिजे. देवदूताला पगार लागत नाही, झोप लागत नाही, म्हणूनच तो शब्द व्यवस्थापनाला आवडतो, अशी आमची शंका आहे.

पण उरलेले अर्धे खरे असे की, काही गोष्टींना माणसे लागत नाहीत. प्रत्येक खाटेला पडदा लागतो. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी लागते. मूल गेल्यावर इनचार्ज सिस्टरने त्या मुलीला दहा मिनिटे आपल्या शेजारी बसवून चहा पाजणे लागते. हँडओव्हरमध्ये ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’ न म्हणता ‘हिला अचानक हात लावला की दचकते’ असे सांगणे लागते; केईएममध्ये चार दशकांहून अधिक काळ जवळपास हेच सांगितले जात होते. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्याचा पेपर आहेच. तो मनोरुग्णालयातल्या काही आठवड्यांच्या पोस्टिंगपुरता न ठेवता कॅज्युअल्टीत, बर्न्स वॉर्डात आणि लेबर रूममध्ये शिकवला पाहिजे. शिकवणारी बाहेरून आणायला नको. प्रत्येक रुग्णालयात अशी एक तरी सिस्टर असते, जिच्या पाळीत वॉर्ड शांत असतो. तिला दोन तास ड्युटीतून मोकळे करा आणि नव्या मुलींना तिच्यामागे उभे करा.

‘दिलासा’ला पंचवीस वर्षे उलटून गेली. जे केंद्र महापालिकेच्या एका रुग्णालयात चालू शकले, ते गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, सिंधुदुर्गाच्या जिल्हा रुग्णालयात त्याच ताकदीने का चालू नये, याचे पटण्याजोगे उत्तर आरोग्य खात्याकडे नाही. यंदाच्या परिचारिका दिनी मंत्रिमहोदयांनी भाषण लहान करून एवढी एक घोषणा करावी, आणि तिच्यासोबत पदमंजुरीचा आदेशही काढावा.

वाचकांनाही एक सांगणे आहे. आपण सगळेच कधी ना कधी नातेवाईक म्हणून वॉर्डात उभे असतो. सिस्टरने पडदा ओढला आणि ‘जरा बाहेर थांबा’ म्हटले, तर वाद घालू नका, ‘मी तिचा नवरा आहे’, ‘मी मुलगा आहे’ असे सांगत बसू नका. आतल्या माणसाला एकट्याने काहीतरी सांगायचे असू शकते. बाहेर जा आणि बोलावतील तेव्हाच आत या.